पायडल

आमच्या घरात सायकल या विषयावरचा अधिकार कन्येकडे आहे आणि खर्च माझ्याकडे. गेल्या पावसाळ्यात तिच्या सायकलीचा मागचा टायर एका बाजूने फाटला, तेव्हा सकाळी मी निघण्याच्या घाईत असताना तिने दारातून सांगितले, "बाबा, उल्हासनगरहून येताना टायर आणा. सव्वीसचा." मी मराठीचा मास्तर असलो तरी सव्वीस म्हणजे किती हे मला कळते. त्यामुळे आणखी काही विचारावे असे मला वाटले नाही. संध्याकाळी तीन नंबर कँपातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने "छब्बीस?" असे विचारले, मी "छब्बीस" म्हटले, त्याने खुंटीवरून टायर काढून दिला. एवढ्या थोड्या शब्दांत व्यवहार उरकल्याचे समाधान मनात घेऊन आणि टायर गळ्यात घेऊन (संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये टायर बाळगण्याची दुसरी जागा नाही) मी बदलापूरला उतरलो.

घरी टायर चाकावर चढवून पाहिला तर तो थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने घालावा तसा सगळीकडून लोंबू लागला. कन्या माझ्याकडे बघत राहिली. हिने आतून विचारले, "अहो, सव्वीस म्हणजे सव्वीसच ना? मग त्यात लहान-मोठे कुठून आले?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. आमच्या बाजूला तिला इतका धीर नाही. उल्हासनगर ते बदलापूर हे अंतर रेल्वेने जेमतेम दहा किलोमीटर, पण तेवढ्यात 'छब्बीस'चा 'सव्वीस' होतो, 'पंचर'चे 'पंक्चर' होते, आणि पुढे वाड्या-पाड्यांकडे वळलात की त्याच पंक्चरला 'भोक पडलंय' असे सरळ मराठीत म्हणतात. उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. छावणी गेली, पलटण गेली. 'कँप' मात्र राहिला. तिथला माणूस पत्ता सांगताना 'पाच नंबर' किंवा 'सतरा सेक्शन' असे म्हणतो. अंबरनाथलाही कानसई सेक्शन, वडवली सेक्शन आहेतच. आगपेट्यांचा विम्को कारखाना बंद झाला, तरी विम्को नाक्यावर रिक्षा अजून थांबतात. सेक्शन आणि कँप हे परके शब्द आहेत असे त्या शब्दांत राहणाऱ्याला कधी वाटत नाही. घर परके कसे असेल?

पण मी टायरबद्दल सांगत होतो.

पुढच्या रविवारी सायकल आणि तो टायर घेऊन मी पूर्वेकडच्या एका दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक गाळा, पुढे ताडपत्री, खाली पाण्याने भरलेले घमेले. पस्तिशीच्या घरातला एक गृहस्थ चाकाचा आउट काढत बसला होता. त्याने टायर हातात घेतला, फिरवला आणि कडेवरची बारीक अक्षरे माझ्यापुढे धरली.

"सर, हा सुताचा आहे. तुमची रिम पॉइंटची आहे."

मी नुसताच बघत राहिलो. त्याने मग समजावून सांगितले. मी आणलेल्या टायरवर २६ × १ ३/८ असे लिहिले होते. सायकलीच्या फाटक्या टायरवर २६ × १.७५. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लोखंडवाले, सुतार, फॅब्रिकेशनवाले सगळे याच मापाने बोलतात. म्हणून १ ३/८ म्हणजे 'एक इंच तीन सूत'. ही अपूर्णांकातली मापे जुन्या विलायती सायकलींची. दशांशातली, म्हणजे पॉइंटची, अमेरिकेकडची. दोन्हींवर आरंभी सव्वीस लिहितात आणि दोन्ही खोटे बोलतात. कारण ते सव्वीस इंच रिमचे नव्हेत, एके काळी फुगलेल्या टायरची बाहेरून जी उंची भरे तिचे. टायर ज्या घेरावर बसतो त्याचा व्यास पॉइंटवाल्या सव्वीसचा ५५९ मिलिमीटर आणि सुतावाल्याचा ५९०. एकतीस मिलिमीटरांचा फरक. म्हणूनच तो सदऱ्यासारखा लोंबत होता.

"पण समजा, मी पावणेदोनचा टायर आणला असता तर?" मी म्हटले. "पावणेदोन आणि एक पॉइंट पंचाहत्तर एकच की."

"वहीत एकच, सर. रिमवर बारा मिलिमीटरांचा फरक. पावणेदोनचा ५७१ चा असतो."

गणितात जे समान ते सायकलीच्या दुकानात समान नाही, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळले. पुढे त्याने आणखी गमती सांगितल्या. एकोणतीस इंची म्हणून जी गिअरची सायकल हल्ली विकतात तिची रिम आणि शर्यतीच्या सातशे सी सायकलीची रिम एकाच मापाची, ६२२. सातशे हे मिलिमीटर आणि सी हे फ्रेंचांचे जाडीचे अक्षर. साडेसत्तावीस म्हणून जे नवे माप आले ते जुन्या सव्वीस-दीडचेच, ५८४. जुनीच चाके नवे आकडे लावून परत येतात. यातून सुटका म्हणून आता टायरच्या कडेला आणखी एक जोडआकडा छापतात, ४७-५५९ असा. पहिला टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमचा. तो वाचून टायर घेतला तर चूक होत नाही. माझ्या फाटक्या टायरवर तो होता. मी वाचला नव्हता. दुसऱ्यांना वाचायला शिकवणे हा माझा व्यवसाय आहे.

माझ्या लहानपणी सायकलीचे नाव 'बावीसची' किंवा 'चोवीसची' असे असे, आणि तो आकडा चाकाचा नव्हता. सीटखालच्या उभ्या नळीचा होता. चाके दोन्हींची अठ्ठावीसच. म्हणजे माझ्या वडिलांची बावीसची हर्क्युलिस मुलीच्या सव्वीसच्या सायकलीपेक्षा चांगली वीतभर उंच होती. 'बावीसची' चालवणारा बाप 'सव्वीसची' चालवणाऱ्या मुलीपुढे आकड्यांत हरतो, हे काही बरोबर नव्हे, असे मी त्याला म्हटले. तो हसला. मग आतल्या पोऱ्याला त्याने हाक मारली, "अरे, सरांच्या सायकलीचं पायडल सैल झालंय, काढ ते." आणि लगेच माझ्याकडे वळून, जरा जीभ चावल्यासारखे करून म्हणाला, "सॉरी सर. पेडल."

तेव्हा मी त्याला ओळखले.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी नुकताच कॉलेजात लागलो होतो, आणि नव्या व्याख्यात्याला मराठी भाषा आपल्याच भरवशावर उभी आहे असे वाटत असते तसे मला वाटत होते. पहिल्या वर्षाला 'माझे वडील' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. बहुतेकांचे वडील कष्टाळू, शिस्तप्रिय आणि बाहेरून फणसासारखे काटेरी होते. एकाचे वडील मात्र अंबरनाथ स्टेशनजवळ सायकली दुरुस्त करीत. ऑर्डनन्स फॅक्टरीचे कामगार पाळी सुटल्यावर दुकानात कसे येत, कोणाचे 'फ्रायव्हील' गेलेले, कोणाची 'क्वार्टर पिन' वाजणारी, वडील चाक नुसते फिरवून कानाने 'आउट' कसा ओळखत, पाव इंची छर्रे तळहातावर घेऊन कसे मोजत, महिनाअखेर 'ओव्हरऑइल'चे पैसे उधार कसे राहत, असे सगळे त्याने लिहिले होते. एक वाक्य मला अजून आठवते. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, हे ज्याला माहीत नसते तो जोर लावून पायडल मोडतो, असे वडील म्हणत.

मी लाल पेन्सिलीने अकरा शब्द खोडले. वीसपैकी सात गुण दिले. समासात लिहिले, 'विचार बरे. भाषा अशुद्ध. इंग्रजी शब्दांचे अपभ्रंश टाळावेत.' एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. पण मी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. 'पायडल' आणि 'ओव्हरऑइल' या शब्दांशी थोडा थांबत, चेहऱ्यावर काही भाव आणत. वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. तो मागच्या बाकावर होता. पुढच्या वर्षी त्याने मराठी घेतले नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो कॉलेजातच दिसला नाही. यांतली कोणती गोष्ट कशामुळे झाली हे मी त्याला विचारलेले नाही.

त्या रविवारी सायकल त्याच्याकडे टाकून घरी आलो आणि कोश काढून बसलो. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची; त्यात सायकल सापडण्याचा प्रश्नच नाही, कारण पायडलाची पहिली गाडी पॅरिसच्या रस्त्यांवर आली ती १८६०च्या दशकात. दोन्ही चाके सारखी, मध्ये साखळी अशी आजच्या घडणीची सायकल १८८५ साली इंग्लंडात स्टार्लीने काढली, आणि तिला डनलॉपचे हवेचे टायर मिळाले १८८८ मध्ये. म्हणजे हा सगळा शब्दसंग्रह मराठीत येऊन सव्वाशे-दीडशे वर्षे झाली आहेत. पोर्तुगीजांकडून आलेल्या शब्दांच्या मानाने हे कालचे पोर.

आणि इथेच मला माझ्या लाल पेन्सिलीची लाज वाटली. त्या निबंधात 'मिस्त्री' होता, 'चावी' होती, 'घमेले' होते. हे तिन्ही पोर्तुगीज. मेस्त्र, शाव्ह आणि गामेला. वसईत १५३४ ते १७३९ पोर्तुगीज होते, तेव्हा या मुलखात ते शब्द रुळले असल्यास नवल नाही. (शालेय व्याकरणांत पोर्तुगीज शब्दांची एक यादी असते, तिच्यात बटाटा, पगार यांच्या पंगतीला फणस आणि लोणचे हेही बसवलेले असतात. फणस हा संस्कृत 'पनस' आणि लोणच्यात 'लवण' आहे. ही यादी पिढ्यान्‌ पिढ्या मुले पाठ करीत आली आहेत आणि आम्ही मास्तर पूर्ण गुण देत आलो आहोत.) निबंधात 'हवा' होती, ती अरबी. 'दुकान', 'पेच', 'कारागीर' हे फारशीच्या वाटेने आलेले. यांपैकी एकाही शब्दाखाली माझी रेघ नव्हती. तीन-चारशे वर्षांपूर्वी आत शिरलेल्या परक्याला मी नमस्कार केला होता आणि शंभर वर्षांपूर्वी आलेल्याला दारात अडवले होते. एवढेच माझे भाषाशास्त्र.

शिवाजीमहाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, माधव जूलियनांनी तर आधी फारसी-मराठी कोश रचला आणि मग 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. या मंडळींचा खटाटोप मला आजही मोठा वाटतो. त्यांनी दिलेल्या शब्दांतच आपण तारीख टाकतो आणि सिनेमाला जातो. पण ते राज्यकारभाराच्या आणि ग्रंथांच्या भाषेशी झगडत होते. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या, बापाबद्दलच्या दोन पानांशी नव्हे.

आता त्या अकरा शब्दांकडे. 'ओव्हरऑइल' हा ओव्हरहॉलचा अपभ्रंश खरा. पण दुकानात त्या कामात होते काय? सायकल सुटी करायची, रॉकेलने धुवायची, छर्रे बदलायचे आणि तेल-ग्रीस द्यायचे. शब्दात ऑइल आले ते कामात ऑइल आहे म्हणून. कॉटर पिनची क्वार्टर पिन झाली, कारण छर्रे पाव इंचाचे, मग पिनही पावाची असणार असा हिशेब. तो चुकला, पण हिशेब केलेला होता. 'आउट' तर मला थोर वाटतो. वाकडे चाक सरळ करण्याला 'आउट काढणे' म्हणतात. इंग्रजीत आउट नावाची अशी काढून टाकण्याजोगी वस्तू नाही. ती आपल्याकडच्या मिस्त्रींनी निर्माण केली, तिला लिंग-वचन दिले आणि चाकातून रोज काढू लागले.

आणि पायडल. पेडल हा शब्द लॅटिन 'पेस', 'पेदिस' म्हणजे पाऊल यापासून, इटालियन-फ्रेंच असा प्रवास करीत इंग्रजीत आला. हे लॅटिन 'पेद' आणि आपले संस्कृत 'पाद' हे सख्खे भाऊ, आणि पादाचा मराठीत झाला पाय. म्हणजे अंबरनाथच्या ज्या कोणा कारागिराने 'पेडल' ऐकून, हे पायाने मारायचे म्हणून 'पायडल' म्हटले, त्याने न कळत चार-पाच हजार वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या दोन भावांची गाठ घालून दिली. ज्या शब्दावर मी वर्गात थांबलो होतो तोच हा.

एकदा शोधू लागल्यावर मग थांबवेना. सायकल हा शब्द ग्रीक 'कुक्लोस'वरून, त्याचा भाऊ संस्कृत 'चक्र', आणि चक्राचे झाले चाक. तेव्हा 'सायकलचे चाक' म्हणजे चक्राचेच चक्र. दुकानातला 'एक्सल' आणि भूगोलातला पृथ्वीचा 'आस' एकाच घराण्यातले, कारण आस हा संस्कृत 'अक्ष'. टायर हा बहुधा 'अटायर'चा, म्हणजे पेहरावाचा, तुटका अवशेष. आणि मी सदऱ्याची उपमा उगाच दिली नव्हती असे मला वाटून गेले. मुलांचे 'करिअर' आणि सायकलचे 'कॅरिअर' हेही एकाच लॅटिन 'कार्रुस' या गाडीतून उतरलेले आहेत. धाकट्याला कॅरिअरवर बसवून करिअरसाठी क्लासला पोचवणाऱ्या आयांना हे आवडेल.

मापांचेही तेच. इंच म्हणजे लॅटिन 'उंकिआ', बारावा भाग. औंस हाही तोच शब्द. मैल म्हणजे हजार पावले, कोस म्हणजे 'क्रोश', हाक ऐकू येईल तेवढे अंतर, आणि मीटरचा ग्रीक 'मेत्रोन' आपल्या 'मात्रा' आणि 'मान' यांच्या नात्यातला. आपण १९५६ साली दशमान मापांचा कायदा केला, १९५८च्या ऑक्टोबरपासून वजने बदलू लागली, पुढे मैलांचे किलोमीटर झाले. सायकलीने यातले थोडेच मानले. टायरमध्ये हवा अजून 'चाळीस पौंड' भरतात. साखळीच्या दोन कड्यांमधले अंतर अर्धा इंच, आणि हे नुसते इथेच नव्हे. ज्या फ्रान्सने मीटर जगाला दिला त्या फ्रान्समधल्या सायकलीच्या साखळीतही अर्धा इंचच. पायडलाचा आटा नऊ भागिले सोळा इंच, दर इंचाला वीस फेरे. विलायतेत तर गिअर अजून अशा चाकाच्या इंचांत सांगतात की जे चाक १८७०च्या दशकातल्या उंच सायकलीला असे आणि आज कोणी चालवत नाही. त्या हिशेबाने चव्वेचाळीस दातांचे पुढचे, अठरा दातांचे मागचे आणि अठ्ठावीसचे चाक असलेली आपली साधी सायकल अडुसष्ट इंची भरते. माझ्या वडिलांची बावीसची शेवटी अडुसष्टची निघाली याचा मला आनंद झाला. कन्येला झाला नाही.

सायकल आणायला पुढच्या रविवारी गेलो. टायर बसला होता, आउट निघाला होता, नवे पायडल लागले होते. वडिलांची विचारपूस केली. ते चार वर्षांपूर्वी गेले. अंबरनाथची जागा तेव्हाच सोडली, असे तो म्हणाला. मग मी त्याला पाद, पाय, पेस, पेदिस हे सगळे सांगितले. वर्गात सांगतो तसे फळ्याकडे बघत नव्हे. तिथे फळा नव्हता. तो चिंधीने हात पुसत ऐकत राहिला. त्याचा पोऱ्याही हातातला पाना तसाच धरून थांबला.

"म्हणजे बाबा बरोबर होते?"

"बरोबर होते. मी चुकलो होतो. अकरापैकी अकरा शब्दांत."

तो काही बोलला नाही. बिलबुक ओढून त्याने बिल लिहिले. टायर, ४७-५५९, एक नग. ओव्हरहॉलिंग. पेडल, एक जोडी. 'पे'वरची मात्रा ठळक, अक्षर वळणदार, सगळे शुद्ध.

"अरे, पायडल लिही की," मी म्हटले.

"राहू द्या, सर," तो बिल फाडून माझ्या हातात देत म्हणाला. "आता हाताला तेच वळण पडलंय."